विहिरीला आगाऊ कळवणे

विहीर मोजायला जायचं असेल तर विहिरीला आधी पत्र पाठवायचं नसतं. एवढी साधी गोष्ट शिकायला मला वीस वर्षांची नोकरी, एक बदली आणि माझ्या निम्म्या वयाचे दोन सहकारी लागले. मी पत्र पाठवलं होतं. साधं कार्ड, सुवाच्य अक्षरात, वर तारीख घालून आणि खाली ‘कळावे’ लिहून.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागतात, कार्यालयांना माणसं लागतात, आणि ‘कुणाला पाठवू या’ असा प्रश्न निघाला की आमच्या नांदेडच्या साहेबांना माझंच नाव आधी सुचायचं. मी गेल्यानं काही अडणार नाही याची त्यांना खात्री असावी. बदलीचा हुकूम घेऊन घरी आलो तेव्हा बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खात्याचं कौतुक केलं. तिचं माहेर अहमदपूरच्या पुढं एका खेड्यात. नांदेडहून तिथं जायला दोन गाड्या बदलाव्या लागत, लातूरहून एकीतच काम होणार होतं. माझी बढती थांबलेली होती, पण तिची झाली.

नव्या कार्यालयाला जागा मिळाली ती करडईच्या तेलाच्या एका बंद घाण्यात. टेबलं यायची होती, कपाटं यायची होती, फक्त वास आधीपासून होता. महिन्याभरात फायलींच्या कडा पारदर्शक झाल्या. वरच्या कार्यालयात आमचं टपाल न फोडताच ओळखत, असं ऐकून होतो.

त्यात दुष्काळ. आमच्याकडं काम आलं ते गावोगावच्या विहिरी मोजण्याचं. ज्या गावच्या विहिरीत मीटरभराच्या वर पाणी निघेल त्या गावाला टँकर नाही, कमी निघेल त्याला आहे, असा सरळ नियम. एक जीप, एक टेप, एक छापील फॉर्म आणि तिघं जण. ड्रायव्हर चौथा, पण तो जीप थांबली की झोपायचा, म्हणून त्याला धरत नाही.

उरलेले दोघं बावीस-तेवीसचे. एक उदगीरचा, दुकानदाराचा मुलगा. रोज सकाळी कपाळाला विभूती आणि शर्टाला इस्त्री. विहिरीत टेप सोडायचा तेव्हा वडिलांच्या दुकानातला काटा डोळ्यांसमोर असल्यासारखा श्वास रोखून धरायचा. दुसरी किनवटकडची मुलगी, जंगलातल्या गावची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. ही विहिरीच्या पायऱ्या मुंगी उतरावी तशी उतरायची आणि वर येऊन, दम न लागता, आकडा सांगायची. मी वरून छत्री धरून उभा असायचो. कुणावर धरायची ते ठरलेलं नसायचं.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या मनानं सांगून टाकलं होतं, “मला साहेब-बिहेब म्हणायचं नाही. आपण सगळे सारखे.” त्यांनी तत्काळ ऐकलं आणि दुपारपासून मला ‘काका’ म्हणायला लागले. माझं वय तेव्हा बेचाळीस. त्या रात्री मी आरशात जरा जास्त वेळ पाहिलं.

आमचं जुळायला अडचण अशी काही नव्हती, फक्त प्रत्येक गोष्ट आम्ही वेगळ्या क्रमानं करायचो. गावात गेलं की आधी बसायचं, पाणी घ्यायचं, कोण कुणाचं कोण ते काढायचं, चहा झाला की मग विहिरीचा विषय, अशी माझी पद्धत. पोरं जीपमधून उडी टाकून थेट विहिरीवर. मी इकडं पाटलाच्या चुलतभावाची नांदेडची सोयरीक काढतोय तोवर तिकडून हाक यायची, “काका, झालं, चला.” म्हातारी माणसं विहिरीची खोली परसात सांगत. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मी ते मनात फुटांत बदलायचो, पोरांना हवे असायचे मीटर, आणि माझा हिशोब होईपर्यंत त्यांनी आकडा लिहिलेला असायचा. एकदा उदगीरचा म्हणाला, “काका, तुमी हात वर करून विहिरीत उतरा की ओ, म्हणजे आमाला बी परसात लिहिता येईल.”

माझ्या सामानाचीही त्यांना मजा वाटायची. सतरंजी, पितळी तांब्या, टीपकागद, दोन टाक, छत्री आणि बायकोनं दिलेल्या दशम्या. दशम्यांना मात्र कुणी हसायचं नाही.

मग एके दिवशी पुढच्या सोमवारच्या यादीत माझ्या सासुरवाडीचं नाव आलं.

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापायची थांबली. “आई पहाटं उठून अर्ध्या कोसावर नदीत जाती,” ती म्हणाली. “वाळूत झिरा खांदलाय, वाटीवाटीनं घागर भरायची. गावची विहीर सकाळच्या दोन तासांत खरवडून होती. आईचे गुडघे गेलेत. तुमाला ठावं हाय ना?”

“ठाऊक आहे.”

“खोटं लिहा म्हणत न्हाई मी. हाय तेच लिहा. पण टँकर लिहून या.”

यात काही विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. विहीर खरोखर कोरडी होती, मग अडचण कुठं होती. अडचण मी त्याच संध्याकाळी टपालपेटीत टाकली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण न कळवता सासुरवाडीला मी एकदाही गेलो नव्हतो. जावई असा अचानक दारात उभा राहिला तर घरच्यांची तारांबळ होते, शेजारी काय म्हणतील, अशी आमच्या पिढीची रीत. हात आपोआप कार्डाकडं गेला.

सोमवारी अहमदपूर मागं पडलं तसा उदगीरचा म्हणाला, “काका, हिकडच्या सगळ्या फाट्यांची नावं तुमाला कशी काय पाठ?”

“येणं-जाणं असायचं.”

“कशाला?”

मी बाहेर बघायला लागलो. किनवटची मागून म्हणाली, “सासुरवाडी असंल.”

“आहे,” मी म्हणालो.

“आजच्या यादीत हाय का?”

“दुसरं गाव.”

मग उदगीरच्यानं माझ्या मांडीवरचा टेप अगदी अदबीनं उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. “तितं तुमी नुस्तं जावई म्हणून बसा, काका. मोजायचं आमी बघतो की ओ.”

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त लागलं.

सासऱ्यांच्या ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या होत्या. सासरे धुतलेलं धोतर नेसून उभे. पाय धुवायला घंगाळभर पाणी काढून ठेवलेलं, आणि ते पाणी असं स्वच्छ की तळाची कल्हई दिसावी. दुष्काळात आम्ही चाळीसेक गावं फिरलो होतो, असं पाणी कुठं पाहिलं नव्हतं. मी कौतुकानं पाय बुडवले. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, “जावईबापू, आणखी घ्या. भरपूर हाय.”

त्या ‘भरपूर’चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पोरं पाण्याला न शिवता सरळ गावच्या विहिरीवर गेली होती. मी पोचलो तेव्हा किनवटची पायऱ्या चढून वर येत होती आणि उदगीरचा फॉर्मवर वाकला होता.

“एक मीटर चाळीस,” तो म्हणाला. आवाज हलका होता, पण गावानं ऐकला. एक मीटरच्या नियमाची बातमी गावोगाव आमच्या आधी पोचलेली असायची. सासऱ्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं असावं, जावयानं येऊन गावाचा टँकर घालवला. मला वाटलं, आता घरी जाऊन बायकोला काय सांगू.

“परत मोजा,” मी म्हणालो.

“दोनदा मोजलं, काका.”

“अरे, या विहिरीत सकाळी नऊनंतर पोहरा खरवडतो. मी अठरा वर्षं बघतोय.”

“आमी आज बघतोय,” तो म्हणाला. “काका, दुसऱ्या कुठल्या गावात असं कुणी म्हणलं असतं तर तुमी ऐकलं असतं का?”

नसतं ऐकलं. चाळीस गावांत असं म्हणणाऱ्या चाळीस माणसांना मीच छत्रीखालून ‘नियम आहे’ म्हणून सांगितलं होतं. पोरगा वाईट नव्हता, त्याचेही कान लाल झाले होते. पण त्यानं पेन उघडलं होतं.

किनवटची मात्र अजून विहिरीभोवती हिंडत होती. तिनं रहाटाचा दोर हातात धरून चोळला. कोरडा. विहिरीच्या कडेची जमीन चपलेनं उकरली. भेगा. “मी आठ वर्षं होस्टेलात पाण्याच्या रांगेत काढली,” ती म्हणाली. “चालू विहिरीपाशी चिखल असतो. हितं दोन-तीन दिवसांत थेंब सांडला न्हाई.” मग ती वळून थेट सासूबाईंना म्हणाली, “आजी, आज पाणी शेंदलं न्हाई का कुणी?”

सासूबाई पदर सावरून, चांगल्या अभिमानानं म्हणाल्या, “शनवारपासून न्हाई, आज पहाटं पाय धुण्यापुरती एक घागर काढली तेवढीच. समद्या गावाला मी सांगून ठिवलं. जावई येणार, संगं पाव्हणे येणार, त्यास्नी काय गढूळ पाणी पाजायचं? दोन दिस झिऱ्याच्या पाण्यावर काढले. बायका काय म्हणल्या न्हाईत, त्यांच्या बी घरी जावई येत्यातच की.”

“पण जावई येणार हे कळलं कसं?” उदगीरच्यानं विचारलं.

सासरे आत गेले आणि देवळीतून माझं कार्ड घेऊन आले. त्यांना वाटलं, पुराव्याची गरज आहे. उदगीरच्यानं ते सगळ्या गल्लीसमोर वाचलं, “तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. सोमवारी विहिरीच्या मोजणीस्तव येत आहे. समवेत दोघे सहकारी आहेत. विशेष तसदी घेऊ नये. कळावे.”

त्यानं कार्ड दुमडलं नाही, फाडलं नाही. माझ्याकडं बघत राहिला. “काका,” तो म्हणाला, “विहिरीला रजिस्टर तरी करायचं होतं.”

किनवटची हसायला लागली, मग तो, मग सगळ्यात शेवटी मी. सासऱ्यांना काय झालं ते कळेना, पण जावई हसतोय म्हटल्यावर तेही हसले.

हसून झालं तरी आकडा फॉर्मवर तोच राहणार होता. उपाय तिनंच काढला. विहीर रोज जशी उपसतात तशी उपसायची, आणि रात्रभरात किती भरते ते सकाळी मोजायचं. म्हणजे विहिरीची खरी ताकद कळेल. उदगीरच्यानं विचार करून मान हलवली. “हे नियमात बसतंय,” तो म्हणाला. “मुक्काम करावा लागंल मात्र.” ड्रायव्हर झोपेतच हो म्हणाला.

“चला, भरा घागरी,” मी बायकांना सांगितलं.

एकही बाई हलली नाही. सासूबाई म्हणाल्या, “आन् उद्या आंघोळ कशानं करचाल, बापू?”

“नाही केली तर चालेल.”

“आमाला न्हाई चालत.”

पाहुण्यासाठी राखलेल्या पाण्याला पाहुण्याच्या आधी हात लावायचा नाही, हे त्या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. समजावण्याच्या बाबतीत माझी ख्याती तशी नांदेडपर्यंतच होती. मग मी तोवर न केलेली गोष्ट केली. शर्टाच्या बाह्या वर केल्या, पोहरा विहिरीत सोडला आणि शेंदायला लागलो.

सासुरवाडीला जावई पाणी शेंदतोय. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मागून कुणी म्हातारा म्हणाला, “पोरगी दिल्ली तवा वाटलं नव्हतं हो एवढा कामाचा निघंल.” पहिला पोहरा निम्मा माझ्याच अंगावर आला. दुसऱ्याला दोर हातातून सुटता सुटता राहिला. पाचव्याला तळवे सोलले. उदगीरच्यानं मग इस्त्रीचा शर्ट काढून रहाटाच्या खुंटीला अडकवला, दोराला माझ्यामागं हात लावला आणि हळूच म्हणाला, “काका, दोर नुस्ता ओढू नका, पायानं रेटा द्या. आमच्या दुकानात पोती अशीच ओढतात.” किनवटची सासूबाईंच्या पुढ्यात बसून घागरी लावत होती. “आजी, तुमचा जावई मेहनत करून राहिला,” ती म्हणाली, “एक घागर तरी भरा, न्हाईतर उद्या त्याच्या हाताला पट्टी बांधावी लागंल.”

जावयाच्या हाताचा विषय निघाल्यावर सासूबाईंनी घागर पुढं केली. मग सगळी गल्ली आली. दिवे लागायच्या आत पोहरा तळाला खरवडला आणि गढूळ वर आला. तो आवाज ऐकून मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

सकाळी टेप सोडला उदगीरच्यानंच. मी मुद्दाम लांब, निंबाच्या पारापाशी उभा होतो. पन्नास सेंटिमीटर. त्यानं मला हाक मारून सांगितलं नाही, नुसतं बोटांनी पाच दाखवले आणि हसला.

तेवढ्यानं काम भागत नव्हतं. फॉर्मवर आकड्यासाठी एकच रकाना. दोन दिवसांचे दोन आकडे कुठं लिहायचे, पोरांना कळेना. वरचे लोक पहिला आकडा बघून गाव वगळतील, अशी त्यांना भीती. इथं मात्र मी पुढं झालो. फॉर्मच्या टोकाला ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असतो, त्यात लोक फक्त ‘निरंक’ लिहितात. माझी वीस वर्षं त्याच रकान्यात गेली होती. मी पारावर सतरंजी अंथरली, टाक काढला, टीपकागद ठेवला आणि त्यांना सांगत गेलो, उदगीरचा लिहीत गेला.

“सदर विहिरीतील पहिल्या दिवशीचा जलसाठा हा झऱ्यामुळे नसून आदरातिथ्यामुळे आहे. ग्रामस्थांनी दोन दिवस उपसा बंद ठेवला होता. नेहमीप्रमाणे उपसा केला असता बारा तासांनंतरची पातळी पन्नास सेंटिमीटर भरली. दुसरे मोजमाप ग्राह्य धरावे.”

“आदरातिथ्य लिहायचं?” त्यानं विचारलं.

“लिही. तो शब्द खोडायला वरच्या साहेबाला कारण द्यावं लागेल. त्याला सुचणार नाही.”

किनवटची म्हणाली, “आन् कार्डाचं?”

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं. “लिही,” मी म्हणालो. “उपसा बंद ठेवण्याचे कारण, एका सहकाऱ्याने आगाऊ कळविले होते.” उदगीरच्यानं तेही लिहिलं. सही मात्र मला करू दिली नाही. “तुमची सासुरवाडी हाय, काका. आमी दोघं करतो.” त्यानं फॉर्म माझ्यासमोरून टेपसारखाच अदबीनं उचलला, पण आता मला काही लागलं नाही. मुदतीत मंजुरी आली, आणि त्या शेऱ्याखाली वरच्या साहेबांनी निळ्या शाईनं फक्त एक रेघ मारलेली होती. ती कौतुकाची की हसल्याची, आम्ही पुष्कळ दिवस वाद घातला.

घरी मी सगळं सांगितलं, कार्डासकट. बायकोनं माझ्या तळव्यांना तेल लावत ऐकून घेतलं. टँकर आल्याचं सासऱ्यांचं पत्र आलं त्या दिवशी ती म्हणाली, “त्या दोघांना रविवारी जेवायला बोलवा.”

लातुरात आम्हाला तेव्हा चौथ्या दिवशी नळ यायचा. रविवार हा चौथा दिवस नव्हता. पण पोरं आली तेव्हा मोरीत बादली काठोकाठ, तांब्ये घासून भरलेले, स्वयंपाकघराच्या दारात रांजण तुडुंब. उदगीरच्यानं हात धुताना पाण्याची धार जरा जपूनच धरली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकरी, असं जेवण झालं. किनवटची पाणी घ्यायला उठली, झाकणी उचलून रांजणात वाकून बघितलं, मग कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या रिकाम्या घागरींकडं बघितलं. जाताना बायकोच्या पाया पडली आणि माझ्याकडं बघून ओठ दाबून हसली.

पोरं गेल्यावर मी बायकोला विचारलं, “किती दिवस साठवलंस?”

“शुक्रवारपासून. केस धुवायचे होते, ऱ्हाऊ दिले.”

“तिला कळलं. तिनं रांजण मोजला.”

बायकोनं रिकामी ताटं उचलली. “मोजू दे की,” ती म्हणाली. “पाव्हणे यायच्या दिवशी कोरडा दिसायला माझा रांजण काय तुमच्या आफिसाच्या यादीत हाय?”